चाचांचं पितळी बोट

स्वारगेटच्या एसटी स्टँडमागच्या गल्लीत खोली बघायला निघाले, तेव्हा घरमालक मुसलमान आहेत हे कळल्यामुळे मी वाटेतच दोन वाक्यं हिंदीत जुळवून ठेवली होती. दार एका उंच, काटकुळ्या गृहस्थांनी उघडलं. मी म्हणाले, "आपके पास कमरा खाली है, ऐसा मेरे को समजा."

त्यांनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "मराठीत बोला. आमच्या पाच-सहा पिढ्या पुण्यात गेल्या, पण इतकं वाईट हिंदी घरात कुणी बोललं नव्हतं."

मग त्यांनी माझी चौकशी केली. गाव कोणतं, जात कोणती, मटण खाता का, रात्री किती वाजता येता, यातलं काहीच विचारलं नाही. विचारलं ते एवढंच: "विजेवर चालणारं काय काय आहे आपल्याकडे?"

"एक इस्त्री आहे."

"घेऊन या."

"आत्ता?"

"खोली कधी हवीय?"

मी नारायण पेठेत मावशीकडे गेले आणि इस्त्री घेऊन परत आले. त्यांनी ती तिथल्या तिथे उघडली. आतली हिरवी तार चिमटीत धरून म्हणाले, "ही बघा. हिनं शॉकपासून वाचवायचं असतं. पण ही कुठंच जोडलेली नाही. नुसती शोभेला ठेवलीय." तार जोडून त्यांनी इस्त्री माझ्या हातात दिली. "घर माझं, इस्त्री आपली. पण शॉकला एवढं कळत नाही. उद्यापासून राहायला या."

त्या घरात मी चार वर्षं राहिले. सगळी गल्ली त्यांना चाचा म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागले. ते मात्र गल्लीतल्या शेंबड्या पोरापासून सगळ्यांना अहो-आपण करत. एका कारखान्याच्या टूलरूममध्ये त्यांनी तीस वर्षं लेथवर काम केलं होतं. निवृत्त झाल्यावर घराच्या तळमजल्यावर एक जुना लेथ आणून बसवला होता. इतर लोक शर्टाच्या खिशाला पेन लावतात, चाचा व्हर्नियर लावत. मापायची ती पोलादी पट्टी त्यांच्या छातीवर इतकी कायमची असे, की ती नसली तर ते उघडे वाटत.

दुकानात मिळणारी कोणतीही वस्तू धोक्याची आहे असं ते धरून चालत, आणि ती तशी नाही हे सिद्ध करायची जबाबदारी वस्तूवर टाकत. वस्तूबरोबर येणारं गॅरंटीचं कार्ड लोक फेकून देतात. चाचा ते चहा पिता पिता वाचत, अधूनमधून "वा!" म्हणत. दर रविवारी ते बुधवार पेठेत विजेच्या सामानाच्या दुकानांवरून चक्कर मारत. तिथले दुकानदार त्यांना लांबूनच ओळखत. "या चाचा, चहा घ्या," असं म्हणून ते स्टूल बाहेर फुटपाथवर मांडत, म्हणजे चाचा आत येऊन गिऱ्हाइकासमोर काही उघडून बघणार नाहीत.

त्यांच्या बायकोला, म्हणजे चाचींना, या सगळ्याचा वैताग होता. त्या अजून पाट्यावर मसाला वाटत. "लग्नाला इतकी वर्षं झाली, मिक्सर आणा म्हणते," त्या मला सांगत. "हे दुकानात जातात आणि मिक्सरमधल्या खोडी घेऊन घरी येतात."

खोड सापडली की चाचा कंपनीला पत्र लिहीत. पत्राच्या शेवटी सगळे 'आपला विश्वासू' लिहितात, चाचा 'आपला' एवढंच लिहून सही करत. "विश्वासाचं उत्तर आल्यावर बघू," म्हणत. त्यांच्याकडे दोन फायली होत्या. कंपन्यांनी 'आपल्या सूचनेबद्दल आभारी आहोत' असं लिहून पाठवलेली पत्रं पहिल्या फाइलमध्ये होती, आणि ती फाइल दोरीनं बांधावी लागे. दुसऱ्या फाइलवर 'उत्तरं' असं लिहिलं होतं. तिच्यात चाची विणकामाचे नमुने ठेवत.

आता माझं सांगते. हडपसरला पंखे बनवणारी एक कंपनी होती. तिथे ड्रॉइंग ऑफिसात मी ट्रेसर होते. इंजिनियरांनी काढलेली चित्रं शाईनं स्वच्छ उतरवून काढायची, हे माझं काम. मी पंख्यांच्या कंपनीत आहे हे चाचांना पहिल्यापासून माहीत होतं. त्याबद्दल त्यांनी एकदाच मत दिलं: "हरकत नाही. हवा चांगली असते."

गल्लीत एक शिवणकाम करणाऱ्या बाई राहत. त्यांच्या तीन वर्षांच्या मुलीनं चालू टेबलफॅनच्या जाळीत बोट घातलं. बोट वाचलं, पण टाके पडले आणि ते कायमचं वाकडं राहिलं. चाचा तो पंखा उचलून घरी घेऊन आले. जाळीच्या तारांमधली फट व्हर्नियरनं मापली, मग पंखा उलटा करून कंपनीचं नाव वाचलं आणि वर माझ्या खोलीकडे पाहिलं. मी जिन्यात उभी होते. त्यांनी फटीचं माप वहीत लिहून घेतलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

त्या पंख्यावरून चाचांनी इतक्या ठिकाणी इतकी पत्रं लिहिली, की शेवटी एक चमत्कार झाला. टेबलफॅनच्या सुरक्षिततेचे नियम नव्यानं ठरवायला सरकारनं एक समिती नेमली होती. तीत ग्राहकांचा एक प्रतिनिधी घ्यावाच लागे. कामाच्या दिवशी भर दुपारी हडपसरपर्यंत यायला कुणी ग्राहक तयार नव्हता. शहरातल्या ग्राहकांच्या एका संस्थेनं चाचांचं नाव सुचवलं. माझा अंदाज असा, की चाचांची पत्रं वाचून संस्था दमली होती, आणि ती आता सरकारनं वाचावीत असं तिला वाटलं असावं.

समितीचा मसुदा टपालानं घरी आला. चाचा तो तीन दिवस वाचत होते. चौथ्या दिवशी मी कामावरून आले तर ते जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसले होते.

"अभिनंदन," ते म्हणाले.

"कशाबद्दल?"

"सरकारी नोकरी लागल्याबद्दल." त्यांनी मसुद्याचं शेवटचं पान माझ्यासमोर धरलं. त्यावर पंख्याच्या जाळीची आकृती होती. "हा सात आपला आहे. पोटात आडवी रेघ देऊन सात काढणारं दुसरं कुणी माझ्या पाहण्यात नाही. भाड्याच्या पावतीवरसुद्धा आपण असाच काढता."

मी कबूल केलं. आमच्या साहेबांनी मला ते चित्र काढायला दिलं होतं, कुठे जाणार आहे ते सांगितलं नव्हतं. मग मला एकेक गोष्ट कळत गेली. सरकारी कार्यालयाकडे पंखे तपासायची यंत्रं नव्हती, ती आमच्या कंपनीत होती. म्हणून बैठका आमच्या हॉलमध्ये होत. कार्यालयाकडे टंकलेखक कमी, म्हणून मसुदाही आमच्याकडेच टाइप होई. कागद आमचा, शाई आमची, जेवणही आमचंच. सरकारचा फक्त शिक्का होता, आणि तो नेऊन-आणून देणारी गाडी आमची होती.

"आणि हे बघा," चाचा म्हणाले. "मजकुरात फटीचं माप कुठंच नाही. 'जाळीतील फट आकृतीप्रमाणे असावी' एवढंच लिहिलंय. आकडा चित्रात लपवलाय. चित्र कोण बघतो?"

"तुम्ही बघता," मी म्हणाले.

"ती त्यांची चूक नाही. माझं नाव त्यांनी सुचवलं नव्हतं."

दुसऱ्या दिवसापासून गल्लीतल्या पोरांची बोटं मापायचं काम सुरू झालं. चाचा ओट्यावर बसत. एका हातात व्हर्नियर, शेजारी लिमलेटच्या गोळ्यांची बरणी. एक बोट दाखवायचं, एक गोळी घ्यायची. काही पोरं दहाही बोटं दाखवायला आली. काही जण शर्ट बदलून पुन्हा आले. एका आजींनी नातवाचा हात मागे ओढून विचारलं, "काय हो चाचा, अंगठ्या करताय का पोरांना?"

"नाही आजी, सरकारला दाखवायचंय, की आपल्याकडे मुलंसुद्धा राहतात."

सगळी मापं वहीत उतरवून त्यांनी लेथवर पितळेचं एक बोट केलं. तीन वर्षांच्या मुलाचं. सांध्यात वाकणारं, टोकाला नखाची खूणही असलेलं. इतकं गोड झालं होतं की चाचींनी ते हातात घेऊन दाबलं. चाचांनी ते माझ्यासमोर त्या पंख्याच्या जाळीत घातलं. ते सहज आत गेलं.

मला राहवलं नाही. "चाचा, परदेशात पाठवायच्या पंख्यांना आम्ही बारीक जाळी लावतो. तिच्यातून हे बोट जाणार नाही. तिचंही चित्र मीच काढलंय."

चाचा थबकले. "आणि आपल्या लोकांना का नाही?"

"तिकडे मोठ्या फटीचा पंखा घेतच नाहीत. इथे घेतात."

"म्हणजे तिकडच्या मुलांना बोटं असतात." मग एकदम त्यांचा आवाज बदलला. "हे आपण मला सांगितलं नाहीत. कंपनीतलं चित्र बाहेर सांगितलं म्हणून आपली नोकरी जाईल. मी काही ऐकलं नाही." आणि मी आणखी काही बोलेन या भीतीनं त्यांनी लेथ चालू केला. त्यावर काही लावलेलं नव्हतं. तो नुसताच फिरत राहिला.

समितीत आलेले चाचा माझे घरमालक आहेत, हे आमच्या साहेबांना लवकरच कळलं. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून, कधी नव्हे ते, बसायला सांगितलं. "तुमच्या घरमालकांना काय आवडतं?"

"चुका," मी म्हणाले.

साहेबांना ते पटलं नाही. ईदच्या आधी त्यांनी माझ्याबरोबर चाचांना एक नवा टेबलफॅन भेट पाठवला. चाचांनी तो ठेवून घेतला, मला रीतसर पोच लिहून दिली, आणि आठ दिवसांनी पंखा परत पाठवला. सोबत चार पानांचा अहवाल होता. मग साहेबांनी त्यांना कंपनीचे सल्लागार होण्याबद्दल विचारलं. त्या दिवशी चाचा खुशीत घरी आले. "अहो, ऐकलंत का," ते चाचींना म्हणाले, "मला सल्लागार करतायत. अट एकच आहे, सल्ला द्यायचा नाही."

"मग घ्या की," चाची म्हणाल्या. "इथं तुमचा कोण ऐकतो?"

बैठकीला मला चित्रांच्या गुंडाळ्या घेऊन हॉलच्या भिंतीशी उभं राहायचं होतं. टेबलाभोवती वेगवेगळ्या कंपन्यांचे साहेब बसले होते. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारी ही माणसं त्या दिवशी भावंडांसारखी वागत होती. अध्यक्षस्थानी एक सरकारी अधिकारी होते. सभ्य गृहस्थ, निवृत्तीला आलेले, कुणाचं मन न दुखवता घरी जावं एवढीच इच्छा चेहऱ्यावर. टेबलाच्या टोकाला चाचा, समोर स्वतःचा जेवणाचा डबा.

फट सुरक्षित आहे का, हे तपासायला एक लोखंडी बोट असे. आमच्या माणसानं ते जाळीत घालून दाखवलं. ते पात्यापर्यंत पोचलं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या.

"हे बोट कुणाचं?" चाचांनी विचारलं.

"प्रमाणित बोट आहे," अध्यक्ष म्हणाले.

"ते दिसलं. पण वय काय असेल? जाडीवरून चाळिशीचे वाटतात. साहेब, या वयाची माणसं पंख्यात बोट घालत नाहीत. घातलं तर त्यांच्याबद्दल माझी तक्रारही नाही."

त्यांनी खिशातून पितळी बोट काढलं आणि चालू पंख्याच्या जाळीत सरकवलं. टण्ण असा आवाज झाला आणि बोटाचं टोक उडून पाण्याच्या जगपाशी जाऊन पडलं.

सगळ्यांत आधी सावरले आमचे साहेब. बारीक जाळीनं वारा कमी येतो, पंखा महागतो, गरिबाला परवडत नाही, असं सगळं त्यांनी सांगितलं. शेवटी म्हणाले, "आणि आयांनी लक्ष ठेवायला नको का?"

"आई शिवण शिवत होती," चाचा म्हणाले. "पंखा तिच्यासाठीच होता."

अध्यक्ष अवघडले. "बारीक जाळी करता येतच नाही, असं आपलं म्हणणं आहे?" त्यांनी साहेबांना विचारलं.

"अशक्य आहे. आमच्या ड्रॉइंग ऑफिसला विचारा." आणि साहेबांनी माझ्याकडे बोट केलं.

सगळे माझ्याकडे वळले. चाचा ताडकन उभे राहिले. "त्यांना विचारता येणार नाही. त्या माझ्या भाडेकरू आहेत. त्यांचं मत पक्षपाती धरलं जाईल. ही माझी नियमाची हरकत आहे."

हरकत मान्य झाली. समितीत चाचांची मान्य झालेली ती पहिली हरकत, आणि ती मला वाचवण्यासाठी होती. परदेशच्या जाळीचा एक शब्द त्यांनी काढला असता तर ते जिंकले असते. त्यांनी काढला नाही. मीही काढला नाही. माझ्या पगारावर गावी तिघं होती, पण त्या क्षणी मला ती आठवली नव्हती. मी नुसती घाबरले होते.

समितीनं ठरवलं, की फट आहे तेवढीच ठेवावी आणि आकृतीखाली 'पंखा लहान मुलांपासून दूर ठेवावा' अशी ओळ घालावी. पंधरा दिवसांनी बैठकीचा वृत्तान्त आला, अर्थात आमच्याच कार्यालयातून टाइप होऊन. पितळी बोट, पोरांची मापं, उडालेलं टोक, या सगळ्याबद्दल त्यात एकच वाक्य होतं: 'ग्राहक प्रतिनिधींनी चर्चेत उत्साहाने भाग घेतला व अल्पोपाहाराबद्दल आभार मानले.'

"मी अल्पोपाहार घेतलाच नव्हता," चाचा एवढंच म्हणाले. पत्र लिहायला मात्र बसले नाहीत. त्यांना पत्र न लिहिता बसलेलं मी पहिल्यांदाच बघत होते. चाचींनी जेवायला दोनदा हाक मारली तरी ते उठले नाहीत.

नवी ओळ घालायची म्हणून ती आकृती पुन्हा काढावी लागणार होती. साहेबांनी ते काम मलाच दिलं. "तेच चित्र, खाली एक ओळ जास्त. डोकं चालवू नका."

मी कपाटातून चित्र काढायला गेले. दोन्ही जाळ्यांची चित्रं एकाच खणात होती. परदेशची वर होती. मी तीच काढून घेतली आणि शांतपणे, एकही डाग न पाडता, तिची नक्कल केली. बारीक जाळी, तिचंच माप, आणि खाली 'पंखा लहान मुलांपासून दूर ठेवावा'. या वेळी सातांच्या पोटात रेघ दिली नाही. साहेबांनी खालची ओळ वाचली आणि सही केली. सरकारी कार्यालयानं शिक्का मारला. शेवटच्या बैठकीत सगळ्या सभासदांपुढे प्रती ठेवल्या गेल्या.

मी भिंतीशी उभी होते. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की त्या हॉलमध्ये चित्र बघणारा एकच माणूस आहे आणि चूक दिसली की गप्प बसणं त्याला जमत नाही.

चाचांनी प्रत उघडली. शेवटचं पान काढलं. नाकावरचा चष्मा वर केला, खाली केला. मग मान उचलून माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे बघू लागले.

"अध्यक्ष महाराज," चाचा उभे राहिले. "आकृतीत आहे तेच माप ठरलं, असं समजायचं ना?"

"हो हो. आकृतीप्रमाणे."

"मग तो आकडा मी एकदा मोठ्यानं वाचून दाखवतो."

टेबलाभोवती हसू पसरलं. जेवणाची वेळ झाली होती, आतून पुऱ्यांचा वास येत होता. "नको हो चाचा," कुणीतरी म्हणालं, "गेल्या वेळेस तासभर झालं ते."

"आपली हरकत आहे का?" अध्यक्षांनी विचारलं.

"हरकत नाही. वाचून दाखवायची इच्छा आहे."

"आकृती आमच्या..." आमचे साहेब अडखळले, "म्हणजे कार्यालयाच्या लोकांनी नीट तपासून काढलीय. त्यात वाचायचं काय?"

"तरी सर्वांनी एकदा नजर टाकावी, अशी माझी विनंती आहे," चाचा म्हणाले. "आणि मी तशी विनंती केली, हे वृत्तान्तात लिहावं."

"लिहू, लिहू," अध्यक्ष म्हणाले आणि पेन पुढे केलं. भराभर सह्या झाल्या. सगळ्यात शेवटी चाचांनी सही केली, आणि आपला डबा उघडला.

नियम छापून आल्यावर साहेबांनी मला बोलावलं. त्यांच्या हातात छापील पुस्तिका होती. "हे काय आहे?"

"सरकारी आकृती आहे, साहेब."

"कुणी काढली?"

"खाली सरकारचा शिक्का आहे."

साहेब लाल झाले, पण करणार काय? तक्रार करायची तर सरकारची चित्रं आमच्या टेबलावर निघतात, असं लेखी द्यावं लागलं असतं. त्यांनी मला गोदामात खोकी मोजायला पाठवलं. सहा महिन्यांनी मी ती नोकरी सोडली आणि कोथरूडच्या एका शाळेत चित्रकला शिकवायला लागले. बारीक जाळी परवडत नाही म्हणणाऱ्या कंपनीनं पुढच्या उन्हाळ्यात जाहिरात दिली, 'आमच्या तज्ज्ञांनी तुमच्या चिमुकल्यांसाठी बनवलेली नवी जाळी.' तज्ज्ञांची नावं कळवावीत, असं चाचांनी त्यांना लिहिलं.

पण मला अजून डोळ्यांपुढे दिसते ती त्या सह्यांच्या दिवशीची परतीची बस. चाचा खिडकीशी बसले होते, मांडीवर रिकामा डबा. डब्याचं झाकण ते उघडत होते, पुन्हा लावत होते.

"आपण केलंत ते बरोबर नाही," शेवटी ते म्हणाले.

"माहीत आहे."

"मी तीनदा विचारलं."

"हो, चाचा."

"चौथ्यांदा विचारायला हवं होतं का?" त्यांनी हे अगदी मनापासून विचारलं.

"विचारलं असतंत तर कुणी ऐकलं असतं?"

त्यांनी नीट विचार केला. "नाही. पण त्यांच्या पुऱ्या गार झाल्या असत्या."

आणि चाचा हसायला लागले. आधी खांदे हलले, मग डबा खडखडायला लागला, मग डोळ्यांतून पाणी. पुढच्या बाकावरचे लोक वळून बघायला लागले. कंडक्टर तिकिटं फाडत आला आणि थांबला. "काय झालं काका?"

"काही नाही," चाचा डोळे पुसत म्हणाले. "सरकारी काम होतं. झालं."

कंडक्टर क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिला. मग वाकून मला हळूच म्हणाला, "ताई, यांना घरापर्यंत सोडा."